मॅडम, मेल उघडत नाहीये

भोसरीतल्या ज्या कारखान्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली तिथे औद्योगिक पंप बनतात. पंप विकला की विषय संपत नाही, त्यामुळे आमची निम्मी माणसं कायम फिरतीवर. विक्रीवाले कोटेशनं घेऊन हिंडणार, सर्व्हिसवाले बिघाडांच्या मागे. कुणी हल्दियाला, कुणी दहेजला, कुणी गाळप हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांवर, निर्यात वाढली तसे पुढे लागोस आणि दारेसलामलाही. मी सर्व्हर रूमशेजारच्या खोलीत बसून, ही माणसं जिथे असतील तिथे त्यांना कंपनीचा मेल कसा मिळेल ते बघत होते.

रुजू झाले तेव्हा आमच्या खात्याला ईडीपी म्हणत आणि पगारपत्रकं छापणं हे त्याचं मुख्य काम होतं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, आमच्याकडे ते त्यानंतर काही काळाने पोचलं. अख्ख्या कंपनीला एक खातं. सकाळी दहाला आणि दुपारी चारला मोडेम लावून मेल उतरवायचे, डॉट मॅट्रिक्सवर छापायचे आणि ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये टाकायचे. फिरतीवरच्या माणसाचा ट्रे भरत राहायचा. मग तो एसटीडी बूथवरून फोन करायचा आणि मी वाचून दाखवायचे. पार्ट नंबर आला की 'बी बॉम्बे, डी दिल्ली' असं ओरडायचं, तिकडून तो ओरडून परत म्हणायचा, आणि बूथवाल्याचं मीटर पळत राहायचं. आमच्याकडची पहिली रिमोट अॅक्सेस यंत्रणा म्हणजे मी.

त्या यंत्रणेत एक गोष्ट होती जी नंतरच्या कुठल्याच यंत्रणेत मला आणता आली नाही. गिऱ्हाइकाने मेलमध्ये शिव्या घातल्या असतील तर मी आधी विचारायचे, जेवण झालं का? झालं नसेल तर तो मेल शेवटी वाचायचे.

मग एनटी सर्व्हर आला, त्याला दोन मोडेम, दोन फोन लाइनी. त्यात कॉलबॅकची सोय होती. माणसाने डायल करायचं, सर्व्हर नाव-पासवर्ड तपासून फोन ठेवणार आणि आधी नोंदवलेल्या नंबरवर स्वतः उलट फोन करणार. एसटीडीचं बिल कंपनीवर पडणार, आणि पासवर्ड कुणी चोरला तरी उलट फोन चोराकडे जाणार नाही. कागदावर हे फार देखणं होतं. पण लॉजचे फोन काउंटरवरून फिरतात. आमच्या सर्व्हरचा फोन काउंटरवरचा पोऱ्या उचलायचा, कानात मोडेमची किंकाळी घुसली की दचकून ठेवून द्यायचा. सर्व्हर पुन्हा फोन करायचा, तो पुन्हा ठेवायचा. आमच्या एका इंजिनिअरने शेवटी काउंटरशेजारी स्टूल टाकून लॅपटॉप थेट त्या लाइनला जोडायची परवानगी मिळवली, त्याबदल्यात लॉजमालकाच्या घरचा बोअरचा पंप फुकटात दुरुस्त करून दिला.

लाइन लागली तरी मेल उतरेलच असं नसे. ५ एमबीचं ड्रॉइंग मेलला जोडलं की एन्कोडिंगमुळे ते साधारण एक तृतीयांशाने फुगतं. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर, लाइन चोख असली तरी, त्याला अर्धा तास लागतो. लाइन चोख नसायचीच. पंचविसाव्या मिनिटाला तुटली की पुन्हा पहिल्यापासून, आणि ते एक ड्रॉइंग पुढे अडकलं की मागचे दोन-दोन ओळींचे महत्त्वाचे मेलही अडकलेले. मग माझ्याकडे फोन. मी ऑफिसातून त्याच्या खात्यात टेलनेटने शिरून, हाताने आज्ञा टाइप करून तो एक मेल उडवायचे. त्यासाठी त्याचा पासवर्ड मला माहीत असावा लागे. मला सगळ्यांचेच पासवर्ड माहीत होते, एका वहीत लिहिलेले होते, आणि ती वही कपाटात होती. यात काही गैर आहे असं तेव्हा साहेबांपासून शिपायापर्यंत कुणालाच वाटत नव्हतं.

सायबर कॅफे आले तेव्हा वाटलं, आता सुटलो. गावोगावी मशीन आहे, तासावर पैसे आहेत, माणसाने जावं आणि मेल बघावा. आमच्या एका विक्री अधिकाऱ्याने राजकोटच्या कॅफेत जाऊन तिथल्या आउटलुक एक्स्प्रेसमध्ये आपलं खातं नीट बसवलं. मीच शिकवल्याप्रमाणे, एकेक सेटिंग बरोबर. मेल वाचले, पैसे दिले, उठून गेला. पीओपी३ ही पद्धत टपालपेटीसारखी. पत्रं उचलली की पेटी रिकामी. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकोनात खूण केली नाही तर मेल त्या मशीनवर उतरतो आणि आपल्याकडून जातो. आठवड्याभराचा पत्रव्यवहार, त्यात एका टेंडरचे आकडेही, राजकोटच्या त्या मशीनवर जाऊन बसला. कॅफेचा मालक भला माणूस होता. मेलखालच्या सहीतला नंबर बघून त्याने आम्हाला फोन केला आणि विचारलं, तुमच्या साहेबांची पत्रं इथे पडली आहेत, पुसू की पाठवू? तेवढ्यात दुसरा कुणी त्या खुर्चीत बसला होता का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. टेंडर आम्हाला मिळालं नाही, पण आमचा भावही चढाच होता.

याच सुमाराची दुसरी तक्रार म्हणजे, 'मॅडम, मेल येतो पण जात नाही.' बाहेरून जोडलेल्या माणसाचा मेल तिसऱ्याकडे पोचवायला आमचा सर्व्हर नकार द्यायचा, आणि तो द्यायलाच हवा, नाहीतर जगातला कुणीही आमच्या सर्व्हरवरून मेल पाठवेल. विक्रीप्रमुखांना हे पटत नव्हतं. सर्व्हर बसवून देणाऱ्या एजन्सीच्या मुलाला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि त्याने तो नकार 'तात्पुरता' काढून टाकला. शुक्रवारी संध्याकाळी. सोमवारी सकाळी सर्व्हरच्या रांगेत कसल्याकसल्या गोळ्यांच्या आणि कर्जांच्या जाहिरातींचा ढीग होता, आणि आमचा पत्ता काळ्या याद्यांत गेला होता. यादीत जायला एक रविवार पुरला, बाहेर यायला आठवडे लागले. तोवर आमची खरी कोटेशनं गिऱ्हाइकांच्या दारातून परत येत होती. मेल पाठवतानाही नाव-पासवर्ड विचारायचं मानक १९९९ साली आलेलं होतं. ते लावून, पोर्ट ५८७ उघडून प्रश्न कायमचा सुटला. मात्र सगळ्यांच्या लॅपटॉपवर एक खूण वाढवायची होती, आणि लॅपटॉप देशभर पसरलेले होते. ते काम मी रात्री फोनवर केलं. सासूबाई विचारायच्या, आज पंप बिघडलाय की माणूस?

एव्हाना माझ्या दृष्टीने व्यवस्था चांगली लागली होती. वेबमेल सुरू झाला होता, लिखित नियम होते. मग एका गिऱ्हाइकाने फोनवर सहज विचारलं, तुमची कंपनी रेडिफमेलवर असते का? चौकशी केली तर निम्म्याहून अधिक विक्रीवाले कोटेशनं स्वतःच्या रेडिफ आणि याहूच्या खात्यांवरून पाठवत होते. काहींनी कंपनीचा सगळा मेल तिकडे आपोआप वळवून ठेवला होता. परिपत्रक निघालं, कडक भाषेत. सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या आणि रेडिफ चालू ठेवलं.

आमचे सर्व्हिसप्रमुख तोंडाचे फटकळ. ते मला म्हणाले, "ताई, एकदा साइटवर येऊन तुमचा मेल उघडून दाखवा." मी गेले. सांगली जिल्ह्यातला साखर कारखाना, गाळप ऐन भरात, रसाचा एक पंप बसलेला. बाहेर उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग आणि आत आमचा इंजिनिअर, कपड्यांवर बगॅसचा भुसा, हात ग्रीसने काळे, मागे चीफ इंजिनिअर घड्याळ बघत उभे. त्याला हवं होतं एकच: शाफ्ट स्लीव्हचं सुधारित माप, जे डिझाइनवाल्यांनी मेल केलं होतं. मोबाइलला रेंज फक्त वजनकाट्यापाशी मिळायची. तिथे उभं राहून, फोन लॅपटॉपला जोडून, जीपीआरएसवर आमचं वेबमेलचं पान उघडायला घेतलं. कंपनीचा लोगो, वरची चित्रपट्टी, सणाच्या शुभेच्छा, सगळं एकेक इंच उतरत होतं. ते संपल्यावर पासवर्डची मुदत संपल्याचा संदेश आला. तीस दिवसांनी पासवर्ड बदलायचा हा नियम ऑडिटरने घालायला लावला होता, आणि मुदत संपल्यावर तो फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधूनच बदलता येई. हा माणूस सहा आठवडे ऑफिसात आलेला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, शेजारी उभ्या असलेल्या केमिस्टचा मोबाइल मागितला आणि डिझाइनमधल्या मित्राला माप विचारून हातावर बॉलपेनने लिहून घेतलं. पंप दोन तासांत सुरू झाला.

परतीच्या एसटीत मला जे कळलं ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. फिरतीवरचा माणूस मेल मिळाला नाही म्हणून काम थांबवत नाही. आपण दिलेली वाट अवघड असेल तर तो दुसरी काढतो, आणि त्या दुसऱ्या वाटेवर आपला पहारा नसतो. राजकोटचं मशीन, रेडिफची खाती, ती केमिस्टच्या फोनवरची चौकशी, सगळ्यांचं मूळ एकच होतं. आम्ही सुरक्षा म्हणून जे जे घालत गेलो त्याचा त्रास ऑफिसात बसणाऱ्याला शून्य आणि वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्याला सगळा.

तिथून पुढे मी नवी व्यवस्था आणताना आधी विचारायचे, हे वजनकाट्यापाशी चालेल का? लोगो आणि शुभेच्छा गेल्या. वेबमेलचं हलकं रूप मुख्य झालं. डिझाइनवाल्यांना सवय लावली की माप मेलच्या विषयातच लिहायचं, ड्रॉइंग मागाहून. याला त्यांनी सर्वाधिक विरोध केला. ड्रॉइंगशिवाय माप म्हणजे त्यांना अधर्म वाटे. पासवर्डच्या मुदतीवर मात्र ऑडिटरशी वर्षानुवर्षं वाद झाला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं आपल्या मार्गदर्शिकेत लिहिलं, ते पान छापून मी ऑडिटरपुढे ठेवलं. त्या दिवशी मी स्वतःला चहाबरोबर भजी मागवली.

ब्लॅकबेरी २००४ मध्ये एअरटेलने भारतात आणला. आमच्याकडे तो संचालकांना आणि विक्रीप्रमुखांना मिळाला, म्हणजे ज्यांच्याकडे मेल वाचून दाखवायला सेक्रेटरी होतीच त्यांना. सर्व्हिसवाल्यांनी स्वतःच्या पैशाने नोकियाचे ई-सिरीजचे फोन घेतले आणि मी त्यावर एक्स्चेंजचा मेल बसवून दिला. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबेरीची यंत्रणा जगाच्या बऱ्याच भागात तीनेक दिवस कोलमडली, भारतातही. तेव्हा वरच्या मजल्यावरचे साहेब खाली सर्व्हिसच्या टेबलापाशी येऊन 'तुमच्याकडे आलाय का हो मेल' असं विचारत होते. सर्व्हिसवाल्यांनी तो आठवडा फार आनंदात घालवला.

पण माणसाच्या स्वतःच्या फोनवर कंपनीचा मेल गेला की फोन कुणाचा, हा प्रश्न येतो. फोन हरवला तर दुरून पुसायची आज्ञा सर्व्हरवरून देता येत असे, आणि ती आज्ञा मेलपुरती नव्हती. अख्खा फोन कोरा व्हायचा. एक इंजिनिअर राजीनामा देऊन प्रतिस्पर्ध्याकडे निघाला. त्याच संध्याकाळी मनुष्यबळ विभागातून मला निरोप आला, त्याचा फोन पुसा. मला माहीत होतं की त्याला नुकती मुलगी झाली आहे आणि फोटो फोनमध्येच आहेत, कारण ते त्याने मलाही दाखवले होते. मी त्याचं खातं बंद केलं, फोन पुसला नाही, आणि तसं लेखी कळवलं. खातं बंद झाल्यावर नवा मेल जाणार नव्हता. जुना त्याने वाचलेलाच होता, तो त्याच्या डोक्यातून कोण पुसणार? त्यावरून मोठी बैठक झाली, माझ्यावर बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं की फोनवर मेल हवा असेल त्याने आधी संमतिपत्रावर सही करायची, आणि त्या पत्रात 'तुमचे फोटोही जातील' हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत. ते वाक्य वाचून तिघांनी मेल नको म्हटलं. नंतर फक्त कंपनीचा भाग पुसता येणारी साधनं आली तेव्हा त्यांनी घेतला.

व्हीपीएनच्या गमती सांगत बसले तर लेख त्यातच संपेल. एकच सांगते. आमच्या ऑफिसचं अंतर्गत नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होणारं, आणि हजारो हॉटेलांचे आणि घरांचे राउटरही कारखान्यातून तोच पत्ता घेऊन येतात. व्हीपीएन जोडला जायचा, हिरवा दिवा लागायचा, आणि मेल सर्व्हर सापडायचा नाही, कारण लॅपटॉप तो त्या हॉटेलातच शोधत असायचा. फक्त काही हॉटेलांत चालत नाही म्हणून लोक हॉटेलांना नावं ठेवायचे. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ऑफिसचे सगळे पत्ते बदलले. चीनमध्ये तर काय चालेल ते दर सहलीला वेगळं, म्हणून ग्वांगझूच्या प्रदर्शनाला जाणाऱ्यांना मी आधीच सांगायचे की लागणारे कागद लॅपटॉपवर उतरवून घेऊन जा.

ओटीपीची दुहेरी कुलपं आम्ही एका प्रकरणानंतर घातली. आमच्या एका विभागीय व्यवस्थापकाने प्रवासात, घाईत, 'मेलबॉक्स भरला आहे' असं सांगणाऱ्या खोट्या पानावर पासवर्ड दिला. आत शिरलेल्याने काही पाठवलं नाही, काही पुसलं नाही. आठवडाभर नुसतं वाचलं. मग एक छोटा नियम करून ठेवला: एका परदेशी गिऱ्हाइकाकडून येणारा प्रत्येक मेल सरळ 'आरएसएस फीड्स' या फोल्डरमध्ये. ते फोल्डर जन्मात कुणी उघडत नाही. आणि मग आमच्याच लेटरहेडवर, आमच्याच इन्व्हॉइस नंबरसह गिऱ्हाइकाला पत्र गेलं की बँक खातं बदललं आहे. पैसे वाचले ते गिऱ्हाइकाच्या हिशेबनीस बाईंमुळे. त्या आमच्या अकाउंट्समधल्या बाईंना वर्षानुवर्षं फोनवर ओळखत होत्या, त्यांना त्या पत्रातलं इंग्रजी जरा जास्तच चांगलं वाटलं, म्हणून त्यांनी फोन केला.

ओटीपी एसएमएसने सुरू केला आणि हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला गेलेल्यांनी तिथलं स्थानिक सिम घालताच सगळे मेलबाहेर. म्हणून फोनवरच आकडा तयार करणारं अॅप आणलं, ज्याला नेटवर्क लागत नाही. तेही एकाला चालेना. बराच वेळ गेल्यावर उमगलं, त्याने परदेशात उतरल्यावर फोनचं घड्याळ हाताने साडेतीन तास मागे केलं होतं, टाइम झोन भारताचाच ठेवून. ते अॅप दर तीस सेकंदांचा आकडा घड्याळावरूनच काढतं. आता प्रत्येक परदेशी सहलीच्या आधी मी फोन हातात घेऊन 'स्वयंचलित वेळ' चालू आहे का ते बघते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कारखान्यातला प्रत्येक टेबलावरचा माणूस एका रात्रीत फिरतीवरचा झाला. अकाउंट्सवाले, खरेदीवाले, ज्यांनी इतकी वर्षं 'सर्व्हिसवाल्यांची नेहमीची रड' असं म्हटलं, ते स्वयंपाकघरात बसून मला फोन करू लागले. त्यांना शिकवलं कुणी, तर सर्व्हिसवाल्यांनी. मी व्हॉट्सअॅप ग्रुपवर बसून नुसती बघत होते. पुढच्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हरमधल्या गंभीर त्रुटींसाठी तातडीने पॅच काढले, ते घालून झाल्यावर मी साहेबांना म्हटलं, आता हा सर्व्हर आपण सांभाळायचा नाही. मेल क्लाउडवर गेला. सर्व्हर रूममध्ये सध्या स्टेशनरी ठेवतात.

मागे एका सर्व्हिस इंजिनिअरने मला विचारलं, ताई, हा मेल बंद कसा करायचा? बिघडलाय का, असं मी सवयीने विचारलं. तो म्हणाला, नाही, फार चालतो. रात्री अकराला लागोसचा मेल, पहाटे जपानचा, आणि मधे विक्रीप्रमुखांचा 'बघितलं का'. मी जी सोय करत आले तिच्यामुळेच त्याची रात्र गेली होती, हे मला नाकारता येईना. २०१८ साली सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खाजगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, पण साहेबांशी बोलताना मला त्याचा दाखला देता आला. सर्व्हिस विभागात आता रात्री नऊनंतर मेलची सूचना वाजत नाही. तातडीचा बिघाड असेल तर पाळीवर असलेल्या एकाच माणसाला फोन जातो. विक्रीवाल्यांनी हे घेतलेलं नाही. त्यांच्यातला एक म्हणाला, मी बंद ठेवला आणि समोरच्या कंपनीतल्याने चालू ठेवला तर ऑर्डर त्याची. याला माझ्याकडे सेटिंग नाही.